डच ससा आणि आपल्या वरकस जमिनीचें गवत

गेल्या दिवाळीपासून मंडळाच्या कचेरींत एकाच मजकुराचीं चार-पांच पत्रें आलीं आहेत. लिहिणारे सभासद मुरबाड, शहापूर व अंबरनाथ या तालुक्यांतील असून बहुतेक तरुण आहेत. ठाण्याच्या व कल्याण-डोंबिवलीच्या बाजारांत काळे-पांढरे ‘डच’ ससे जोडीनें विकले जातात, त्यांस मागणी चांगली आहे असें कळतें, तेव्हां घरामागील पडवींत दहा-वीस पिंजरे ठेवून हा जोडधंदा करावा कीं काय, असा त्यांचा प्रश्न आहे. भाताच्या एका पिकावर प्रपंच चालत नाहीं हें ज्यास कळलें व जो कांहीं तरी करूं पाहतो, त्या तरुणास आम्ही प्रथम शाबासकीच देतों. परंतु आमचें उत्तर त्यास रुचेल असें नाहीं. आणि तें एका ओळींत देऊन भागण्यासारखें नसल्यामुळें येथें कांहींसें विस्तारानें लिहीत आहों.

प्रथम हें जनावर कोणतें तें पाहूं. नांव डच असलें तरी हॉलंडशीं या जातीचा संबंध थोडाच आहे. तिचें मूळ बेल्जियमच्या ब्राबांत प्रांतांतील एका लहान चणीच्या सशांत असून, तेथून इंग्लंडांत गेलेल्या सशांपासून १८३० नंतरच्या काळांत इंग्रज शौकिनांनीं वेंचून वेंचून ती घडविली. पूर्ण वाढलेल्या सशाचें वजन सुमारें दोन किलो, फार तर अडीच. अंग आंखूड व गोल, कान आंखूड व ताठ. खरी ओळख रंगाच्या मांडणींत आहे. नाकापासून कपाळावर निमुळता होत गेलेला पांढरा पट्टा, दोन्ही गाल रंगीत, मान, खांदे व पुढचे पाय पांढरे, कमरेपासून मागचा भाग पुन्हां रंगीत, आणि मागच्या पायांचे पंजे मोजे घातल्यासारखे पांढरे. रंग काळा, निळसर राखी, चॉकलेटी, पोलादी किंवा कांसवाच्या पाठीसारखा असतो. रंगाची व पांढऱ्याची सीमा दोरी धरून आंखल्याप्रमाणें सरळ असावी, असा प्रदर्शनांतील परीक्षकांचा आग्रह असतो.

तो पुरा होणें मात्र दुर्घट आहे. आईबाप दोन्ही नमुनेदार असले तरी एका वेतांतील पुष्कळ पिलांच्या अंगावरील रेघा वाकड्या येतात, पंजा रंगीत येतो, एखाद्याचा गालच पांढरा निघतो. परदेशांतील जाणते पाळणारेही पिढ्यान्‌पिढ्या खटपट करून मोजकींच चांगलीं जनावरें मिळवितात. आपल्या बाजारांत ‘डच’ म्हणून जें मिळतें तें बहुधा कोणत्याही दुरंगी सशाचें पिलूं असतें. त्याच्या आईबापांची नोंद विकणाऱ्यापाशीं नसते आणि घेणाराही ती विचारीत नाहीं.

आपल्या भाषेंत ‘ससा’ हा एकच शब्द असल्यामुळें आणखी एक घोटाळा होतो. आपल्या माळावर संध्याकाळीं दिव्याच्या उजेडांत उडी मारून जातो तो रानससा वेगळाच प्राणी आहे. तो बीळ करीत नाहीं, उघड्या गवतांत बसतो, व त्याचीं पिलें जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांचीं असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास धरणें वा पाळणें गुन्हा आहे. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळांत राहणारा. त्याचीं पिलें उघडीं-नागडीं व डोळे मिटलेलीं जन्मतात. म्हणून रानसशावरून अंदाज बांधून ‘आपल्या उन्हांत ससा राहतोच कीं’ असें कोणी म्हणूं नये. पाळीव सशास घाम जवळजवळ येतच नाहीं. अंगांतील उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो, आणि भोंवतालची हवाच तीस अंशांवर गेली म्हणजे तो उपाय अपुरा पडूं लागतो. कल्याण-डोंबिवलीकडे चैत्र-वैशाखांत पारा चाळीशीकडे झुकतो हें वाचकांस सांगणें नको.

तसाच, ससा उंदराच्या जातीचा नव्हे. त्याच्या वरच्या दोन मोठ्या दांतांच्या मागें आणखी दोन बारीक दांत असतात, आणि त्याचे सर्वच दांत, दाढासुद्धां, जन्मभर वाढत राहतात. पुढचे दांत महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर. ते झिजावयाचे तर दिवसांतून कित्येक तास तंतुमय गवत रवंथ केल्यासारखें चघळावें लागतें. पुढील सर्व म्हणणें या एका गोष्टीवर उभें आहे.

आमचे एक मेहुणे डोंबिवलीस चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या धाकट्या मुलीनें हट्ट धरला म्हणून दोन वर्षांपूर्वीं त्यांनीं एका दुकानांतून डच सशांची जोडी आणली. दोन्ही माद्या आहेत असें दुकानदारानें शपथेवर सांगितलें होतें. खावयास काय द्यावें असें विचारतां त्यानें रंगीबेरंगी दाण्यांची पिशवी दिली व गाजरें द्या म्हणाला. मुलीनें गाजरें दिलीं, पोळीचे तुकडे दिले, बिस्किटेंही दिलीं. तीन महिन्यांनीं एके सकाळीं पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत केसांच्या घरट्यांत पांच पिलें सांपडलीं. सशाची मादी एकतीस दिवसांत वितें आणि वितांच पुन्हां गाभण राहूं शकते, हें घरांत कोणास ठाऊक नव्हतें. नर वेगळा करीपर्यंत दुसरें वेत पोटांत होतें. पिलें कोणी घेईना. ज्या दुकानानें जोडी दिली तेंही घेईना. वैशाखांत एके दुपारीं घरचीं मंडळी लग्नास गेलीं असतां पश्चिमेकडील बंद गॅलरींत नर मेला. मादी उरली, तिनें कांहीं दिवसांनीं खाणें टाकलें, लेंड्या बारीक होत होत बंद झाल्या. मुंबईस नेऊन तपासलें तेव्हां समजलें कीं दाढांस कडेनें टोकें फुटून जीभ कापली गेली होती. डॉक्टरांनीं दाढा घासून दिल्या आणि एकच प्रश्न विचारला, “गवत किती देतां?” मेहुणे म्हणाले, “गवत? डोंबिवलींत गवत कोठून आणूं?”

तो प्रश्न ऐकून आम्हांस लाज वाटली. आमच्या घरामागें गवताची गंजी उभी होती, आणि त्यांतील निम्मी पुढच्या राबाला जाळावयाची होती.

आतां या जनावराचे गुणही सांगितले पाहिजेत. नाहीं तर एका घरच्या हकीकतीवरून अन्याय होईल. घरांत पाळावयाच्या सशांत डच जातीची कीर्ति चांगली आहे व ती खोटी नाहीं. स्वभाव सौम्य, चौकस. माणसाची ओळख लौकर धरतो. एकाच कोपऱ्यांत, गवत घातलेल्या तबकांत घाण करण्याची संवय त्यास सहज लागते. पहांटे व दिवेलागणीस तो सर्वांत अधिक चपळ असतो. दुपारीं झोंपतो, म्हणजे नोकरीवरून परतणाऱ्या कुटुंबास सोईचाच. डचाच्या माद्या इतर जातींचीं पोरकीं पिलें आपल्या अंगावर वाढवितात अशी त्यांची ख्याति आहे, आणि पाळणारे त्यांस त्या कामीं मुद्दाम ठेवीत. परंतु त्यास उचललेलें आवडत नाहीं. लहान मुलानें कवळून धरलें असतां तो मागच्या पायांनीं अशी लाथ झाडतो कीं त्याचाच कणा मोडतो. एकटा ससा उदास होतो. जोडी ठेवावी, पण शस्त्रक्रिया करून. मादीची शस्त्रक्रिया केवळ पिलें टाळण्यासाठीं नव्हे. वय वाढलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणांत आढळतो. नीट ठेवला तर हा प्राणी आठ वर्षें व त्याहून अधिकही जगतो. इंग्लंडांतील सशांच्या हितासाठीं झटणारी संस्था जोडीस निदान तीन मीटर लांब व दोन मीटर रुंद जागा असावी असें सांगते. डोंबिवलीच्या किती बिऱ्हाडांत तेवढी मोकळी जागा निघेल? पिंजऱ्याचें दार दिवसांतून चार तास उघडें राहिलें तरी पुष्कळ झालें असें आम्ही म्हणूं, पण पिंजरा म्हणजे घर नव्हे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. सभासदांनीं हे ससे पैदा करावे काय? आमचें मत, करूं नयेत.

पहिलें कारण हवा. आपल्या देशांत सशांवर सरकारी संशोधन नाहीं असें नाहीं. राजस्थानांत अविकानगर येथें १९६२ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था हें काम करते. परंतु लोकरीच्या अंगोरा सशांचें काम तिनें हिमाचलांत कुलू खोऱ्यांतील गडसा येथें, आणि मांसाच्या मोठ्या जातींचें एक केंद्र तमिळनाडूंत कोडाईकॅनालजवळील मन्नवनूर येथें, म्हणजे थंड डोंगरांत नेलें, हें लक्षांत घ्यावें. उन्हाळ्यांत नर काही काळ जवळजवळ निष्फळ होतो. फाल्गुनापासून मृगापर्यंत माद्या भरत नाहींत व तेवढे महिने चारा मात्र लागतोच. पुढें पावसाळा येतो. ओल्या हवेंत पिलांस कॉक्सिडियाची हगवण लागते, कानांत खरूज होते, भिजक्या फरशीवर पायांस जखमा पडतात. आणि घरगुती औषधपाण्याची आपली संवय येथें घातक आहे. गुराच्या डॉक्टरानें वासरास दिलेलें पेनिसिलिनच्या वर्गांतील औषध सशास तोंडावाटे पाजलें तर त्याच्या आंतड्यांतील उपयुक्त जंतु मरून ससाच दगावतो. कुत्र्याच्या गोचिडीवरील फिप्रोनिल त्याच्या अंगास लावलें तरी तेंच.

दुसरें कारण कायदा. २०१८ च्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांच्या नियमांप्रमाणें असा व्यापार करणाऱ्यानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते व आल्या-गेल्या जनावराची नोंद ठेवावी लागते. पुष्कळ ठिकाणीं हें होत नाहीं, हें आम्ही जाणतों; पण दुसरा नियम मोडतो म्हणून आपणही मोडावा हा सल्ला या मासिकांत मिळणार नाहीं. विकलीं न गेलेलीं पिलें रानांत सोडून द्यावीं असेंही कोणी सुचवितो. पांढऱ्या ठिपक्यांचा, माणसाळलेला ससा घारीच्या, कुत्र्याच्या व मांजराच्या तोंडीं दोन दिवसांत पडतो, आणि जनावर उपासमारीच्या स्थितींत टाकून देणें हा १९६० च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे.

तिसरें कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. ‘जोडी आमच्याकडून घ्या, पिलें आम्हीच परत विकत घेऊं’ असें सांगणारे लोक खेडोपाडीं फिरतात. एमू पक्ष्यांच्या नांवें तमिळनाडूंत २०१२ सालीं काय झालें, आणि कडकनाथ कोंबड्यांच्या नांवें आपल्याच राज्यांत सांगली-कोल्हापूरकडे २०१९ सालीं काय झालें, हें विसरण्यास फार काळ लोटलेला नाहीं. या योजनांत पहिला नफा जनावराचा नसून नव्या गिऱ्हाइकाच्या पैशाचा असतो. नवें गिऱ्हाईक संपतांच जनावर दारांत उभें राहतें व त्यास खावयास घालावें लागतें. सशाची वीण इतकी झपाट्याची आहे कीं अशा योजनेस त्याहून सोईचें जनावर शोधून सांपडणार नाहीं. आणि खरीखुरी मागणी तरी किती? एकदां घेतलेला ससा आठ वर्षें जगला तर त्या घरास पुन्हां आठ वर्षें ससा नको. आणि चार महिन्यांनीं मेला तर तें घर पुन्हां घेतच नाहीं.

कोणी म्हणेल, मग सभासदांनीं हात जोडून बसावें काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. ठाणें जिल्ह्यास सशांपासून कांहीं मिळवावयाचें असेल तर तें त्याच्या पिलांत नाहीं, त्याच्या तोंडांत आहे.

सशाच्या आहाराचा चार-पंचमांश भाग सुकें गवत असावा. पालेभाजी ओंजळभर, दाणे चमचाभर, गाजर सणावारीं. दोन किलोचा ससा दिवसास सुमारें शंभर ग्रॅम सुकें गवत खातो. त्याची नासधूस धरली तर वर्षाला एका सशास चाळीस-पन्नास किलो लागतें. आज हें गवत ठाण्या-डोंबिवलीच्या जाणत्या घरांत कोठून येतें? समुद्रापलीकडून. तिमथी नांवाचें गवत, अठराव्या शतकांत अमेरिकेंत तिमथी हॅन्सन नामक शेतकऱ्यानें त्याचा प्रसार केला म्हणून त्याचें हें नांव, लहानशा पिशव्यांत भरून किलोला कित्येक शें रुपये भावानें येथें विकलें जातें. तें थंड देशांतील गवत. कोंकणांत होणार नाहीं. पण सशास तिमथीच हवें असा कांहीं शास्त्रार्थ नाहीं. त्यास लांब तंतूचें, हिरवट राहिलेलें, धूळ व बुरशी नसलेलें कोणतेंही चांगलें गवत हवें. आमच्या वरकस जमिनीवरील मारवेल व पवन्या हीं गवतें वेळेवर कापलीं तर तीं या कामास उत्तम आहेत. मुंबईंत टांग्यांचे घोडे व तबेल्यांच्या म्हशी होत्या तोंवर याच जिल्ह्याचें गवत दाबून, गठ्ठे बांधून तेथें जात असे. घोडे गेले, म्हशींचें बरेंच बिऱ्हाड १९४९ पासून आरेकडे हललें, आपली ती विद्या मात्र विस्मरणांत चालली.

‘वेळेवर’ हा शब्द आम्हीं मुद्दाम घातला आहे. आपल्याकडे भातकापणी उरकल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षांत, गवतावर विळा चालतो. तोंवर बीं झडून काडी पिवळी पडलेली असते आणि कुसळी गवताचीं कुसळें तयार होतात. तीं सशाच्या तोंडांत, डोळ्यांत शिरतात. सशाचें गवत फुलोऱ्यावर कापलें पाहिजे, म्हणजे आश्विनांत. अडचण परतीच्या पावसाची. म्हणून सारें रान एकदम न कापतां दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा कापावा, उघाड पाहून पातळ पसरावा, दिवसांतून दोनदां उलटावा, संध्याकाळीं गोळा करून झांकावा. मूठभर गवत पिळून बोटांस ओल लागली नाहीं आणि काडीचें पेर वांकवितांना मोडलें, म्हणजे तें सुकलें असें समजावें. जमिनीपासून हातभर उंच माच्यावर ठेवावें. बुरशीचा वास आलेलें गवत बैलास चालत असेलही. सशास देऊं नये. धोतरा, घाणेरी, गाजरगवत यांच्या काड्या निवडून टाकाव्या. तणनाशक फवारलेल्या बांधावरील गवत या कामास अजिबात वर्ज्य. भाताचा पेंढा बसावयास अंथरूण म्हणून द्यावा, आहार म्हणून नव्हे. त्यांत पोषण थोडें. लसूणघास याच्या उलट. त्यांतील चुना वाढत्या पिलांस चालतो, पण मोठा ससा तो सारा रक्तांत घेऊन मुतावाटे टाकतो व कालांतरानें मूत्राशयांत रेती सांठते.

यांत धनवान कोणी होणार नाहीं, हेंही सांगून ठेवतों. डोंबिवलींत ससे किती आहेत याची खानेसुमारी कोणी केलेली नाहीं. २०११ च्या मोजणींत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दींत साडेबारा लाखांच्या घरांत माणसें होतीं, एवढें ठाऊक आहे. त्यांतील हजारांत एका घरीं ससा असला तरी वरकसाच्या एका तुकड्यास गिऱ्हाईक पुरे. भांडवल विळा व ताडपत्री. नुकसान झालें तर गवत गुरांस घालतां येतें. नुकसान झालेला ससा कोणास घालावा?

मेहुण्यांकडील मादी अजून आहे. गेल्या आश्विनांत कापलेल्या मारवेलाचे तीन भारे आम्हीं कल्याणच्या एस. टी.नें पाठविले व स्थानकावरून त्यांनीं रिक्षानें नेले. रिक्षावाल्यानें गवतास वेगळें भाडें मागितलें. मुलगी आतां सहावींत आहे. तबकांत रोज किती गवत राहिलें याची ती वहींत नोंद ठेवते, आणि गवत संपण्याआधीं एक महिना आम्हांस पत्र टाकते. तिच्या इमारतींत आणखी दोन घरीं ससे आहेत, व त्यांनींही यंदा चार भारे सांगून ठेविले आहेत. ज्या सभासदांस हा पुरवठा वांटून घ्यावयाचा असेल त्यांनीं भाद्रपदअखेर कचेरींत नांव नोंदवावें. गवताचा मूठभर नमुना सोबत आणावा.